सोणाची वीणा आणि रविवारची शर्यत

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उभं राहिलं, की एक दृश्य हमखास दिसतं. अंधार पुरता सरलेला नसतो. मॉर्निंग वॉकचे पास दाखवत माणसं आत शिरत असतात. कांदिवली-दहिसरहून रिक्षाने आलेले, अंधेरीहून लोकलने आलेले, मुलुंडहून चौघांत एक गाडी काढून आलेले धावणारे फाटकाच्या आत घोळक्याने जमतात. त्यातले बरेच जण डावं मनगट डोळ्यांपुढे धरून निश्चल उभे असतात. घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, नाहीतर पहिले शे-दोनशे मीटर हिशेबात येत नाहीत. उपग्रह सापडतो, घड्याळ थरथरतं आणि घोळका कान्हेरीच्या दिशेने सुटतो.

वाटेत या दिवसांत एकच विषय चालतो. ‘जानेवारीत काय टार्गेट?’ जानेवारी म्हणजे तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, हे वेगळं सांगावं लागत नाही. उत्तरं साधारण दोन प्रकारची मिळतात. एक, ‘या वेळी हाफ सब-टू मारायचीच,’ म्हणजे अर्धी मॅरेथॉन दोन तासांच्या आत. दुसरं, ‘आपलं काही नाही बाबा, एन्जॉय करायचंय.’ पहिलं उत्तर देणाऱ्याच्या आवाजात ताण असतो. दुसरं उत्तर देणाऱ्याच्या आवाजात किंचित ओशाळलेपण असतं, जणू आनंदासाठी धावणं ही कबूल करावी लागणारी गोष्ट आहे.

हा ताण आणि हे ओशाळलेपण, दोन्ही नीट पाहण्यासारखी आहेत. हौशी धावणाऱ्याला शर्यत जिंकायची नसते. जिंकता येणारच नसते. मुंबई मॅरेथॉनचा पुरुषांचा विक्रम इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ साली केला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा. घाटकोपरची एखादी शिक्षिका तेवढ्या वेळात त्याच्या निम्मं अंतर कापते आणि ते तिच्या आयुष्यातलं मोठं यश असतं. तरीही तिच्या सर्टिफिकेटवर सेकंदापर्यंतची वेळ छापलेली असते, वयोगटातला क्रमांक असतो. मग पहाटे चारला उठून ती नेमकं काय करत असते? खेळत असते, झुंजत असते, की साधना करत असते?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. आपल्याकडे राज्य शासनाची ‘हौशी मराठी नाट्य स्पर्धा’ कित्येक दशकं चालू आहे. हौस आणि स्पर्धा हे दोन्ही शब्द एकाच नावात शेजारी बसले आहेत आणि त्यात कोणाला विसंगती दिसलेली नाही. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची मुलं जीव टाकत आली आहेत. करंडक हातून गेला की ती ढसाढसा रडतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी संहिता शोधायला लागतात. त्यांना कोणी विचारत नाही, की तुम्ही मजेसाठी नाटक करता की जिंकण्यासाठी. हा प्रश्न धावण्यालाच चिकटला, कारण धावण्यात मोजमाप फार सोपं आहे. नाटकाला परीक्षक लागतात. धावण्याला एक चिप पुरते.

ही चिप जवळून पाहण्यासारखी आहे. छातीवर लावायच्या नंबरच्या, म्हणजे बिबच्या, मागच्या बाजूला एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. सुरुवातीच्या रेषेवर आणि शेवटच्या रेषेवर रस्त्यात जाड मॅट अंथरलेली असते. मॅटवरून पाय गेला की पट्टीची नोंद होते. त्यामुळे प्रत्येकाला दोन वेळा मिळतात. एक गन टाइम, म्हणजे शर्यत सुटल्याच्या क्षणापासून मोजलेला. दुसरा नेट टाइम, म्हणजे धावणाऱ्याने स्वतः मॅट ओलांडल्यापासूनचा. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्याला रेषेपर्यंत पोहोचायलाच कधी दहा मिनिटं लागतात, आणि ती नेट टाइममध्ये धरली जात नाहीत. पहिल्या रांगेतल्या व्यावसायिकांचा निकाल गन टाइमवर लागतो, कारण त्यांची झुंज एकमेकांशी आहे. बाकी सगळ्यांचं घड्याळ त्यांच्या स्वतःच्या पावलाने सुरू होतं. हौशी धावणाऱ्याची स्पर्धा कोणाशी आहे, याचं उत्तर शर्यतीच्या यंत्रणेनेच देऊन ठेवलं आहे.

तरी अडचण संपत नाही. स्वतःशी केलेली स्पर्धा ही सर्वांत निर्दय असू शकते. दुसऱ्याला हरवलं की माणूस थांबतो. स्वतःला हरवायचं असेल तर थांबायला जागाच नाही.

उद्यानातला कान्हेरीचा रस्ता फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर जातो. शेवटचा चढ मांड्यांत भरतो. धावणारे लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचतात, घड्याळाचं बटण दाबतात, पाणी पितात आणि उतरायला लागतात. वर काळ्या दगडात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे भिक्षू राहत होते, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख आजही भिंतींवर आहेत. पावसाचं पाणी साठवायला खोदलेली टाकी आहेत, खोल्यांमध्ये झोपण्या-बसण्याचे दगडी ओटे आहेत. या भिक्षूंच्या जीवनात चालणं ही साधना होती. ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा, सावधपणे, येरझाऱ्या घालत चालायचं. तिला चंक्रमण म्हणतात.

आणि पायाने साधना करणाऱ्यांच्या परंपरेतच, पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे. सोण कोळिविस त्याचं नाव. पाली विनयपिटकात आणि अंगुत्तर निकायात त्याची हकिगत येते.

सोण चंपा नगरीतल्या अतिश्रीमंत घरातला मुलगा. इतका सुकुमार, की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते म्हणतात. हे नवल पाहायला मगधाच्या बिंबिसार राजाने त्याला बोलावून घेतलं, आणि त्या निमित्ताने राजगृहात त्याची बुद्धांशी गाठ पडली. तो भिक्षू झाला आणि शीतवनात साधनेला लागला. सगळ्यांत जास्त कष्ट आपण करायचे, असा त्याने चंग बांधला. चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले आणि चालायची वाट खाटकाच्या अंगणासारखी रक्ताने माखली. एवढं करूनही मन मुक्त होईना. तेव्हा त्याच्या मनात आलं, की घरी अमाप संपत्ती आहे. परत जावं, सुखाने राहावं, दानधर्म करावा.

धावण्यात चार-पाच वर्षं घालवलेल्या कोणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. आधी सगळ्यांपेक्षा जास्त किलोमीटर. मग नडगीचं दुखणं, टाचेचं दुखणं, त्यावर पट्टी बांधून पुन्हा किलोमीटर. मग एक दिवस बूट कपाटात जातात ते जातातच. अतिरेकाचा शेवट बहुधा सोडून देण्यात होतो.

बुद्ध सोणाकडे आले. परत जायचा विचार तुझ्या मनात आला ना, असं त्यांनी त्याला विचारलं. मग, घरी असताना तू वीणा वाजवण्यात कुशल होतास ना, असं विचारलं. तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग ना ताणलेल्या ना सैल, बरोबर लावलेल्या असल्या तर? तेव्हा वाजायची. मग त्यांनी सांगितलं, की अति उद्योगाने मन अस्वस्थ होतं, अति सैलपणाने आळस येतो. तू उद्योगाची समता साध.

या गोष्टीचा अर्थ ‘थोडं कमी करा, मधलं काही तरी करा’ असा काढला जातो. तो उथळ आहे. वीणेची तार लावणारा माणूस सैल आणि ताठ यांच्या बरोबर मध्ये पट्टी लावून मोजत नाही. तो कान देतो. प्रत्येक तारेचा ताण वेगळा असतो. आज लावलेली तार उद्या तशीच राहते असंही नाही. मुंबईच्या दमट हवेत वाद्य सांभाळणाऱ्या कोणालाही हे पाठ असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ताण नसला तर स्वरच नाही. बुद्धांनी सोणाला साधना सोडायला सांगितलं नाही, उद्दिष्टही कमी करायला सांगितलं नाही. त्यांनी त्याला त्याच्याच हातातलं जुनं कौशल्य आठवून दिलं.

म्हणून ‘फक्त एन्जॉय’ म्हणणाऱ्यालाही ही गोष्ट लागू आहे. काही लक्ष्यच न ठेवता, तयारी न करता २१ किलोमीटरांना उभं राहणारा माणूस मजा करेल असं वाटतं, पण पंधराव्या किलोमीटरला त्याच्या चेहऱ्यावर मजा दिसत नाही. पावसाळ्यापासून आठवड्याचे चार दिवस नेमाने धावलेली बाई पेडर रोडचा चढ ज्या लयीत चढते, त्या लयीत आनंद असतो. रस्त्याच्या कडेला उभी राहून संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं पुढे करणारी माणसं तिला दिसतात, त्यांच्याकडे बघून ती हसू शकते. हे हसू सहा महिन्यांच्या शिस्तीने कमावलेलं असतं.

खेळाविषयी विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांनी हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली आहे. कॅनडातले बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली, ती अशी, की मुद्दाम अडथळे स्वीकारून ते ओलांडण्याचा स्वेच्छेने केलेला प्रयत्न म्हणजे खेळ. मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला ती चपखल बसते. अलीकडच्या वर्षांत ही शर्यत माहीमहून सुटते आणि सीएसएमटीच्या परिसरात संपते. माहीमहून हार्बरची लोकल अर्ध्या तासाच्या आतबाहेर सीएसएमटीला नेऊन सोडते. पोहोचणं एवढाच हेतू असता तर कोणी धावलं नसतं. धावणारा लोकल नाकारतो, कारण त्याला पोहोचायचं नसून धावत पोहोचायचं आहे. म्हणूनच शर्यतीत फसवणारा माणूस काहीच जिंकत नाही. १९८० साली बॉस्टनमध्ये रोझी रुईझ नावाची बाई शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घुसली, सगळ्या बायकांच्या पुढे रेषेवर पोहोचली, तिच्या डोक्यावर विजेतीचा मुकुटही चढला. आठ दिवसांत तो काढून घेतला गेला. पण खरं म्हणजे तिच्याकडे काढून घेण्यासारखं काही नव्हतंच. ती शर्यत ती धावलीच नव्हती.

अमेरिकेतले सी. थी न्युएन यांनी २०२० साली यात आणखी एक भेद दाखवला. काही जण जिंकणं मोलाचं वाटतं म्हणून खेळतात. काही जण झुंजणं मोलाचं वाटतं म्हणून जिंकायचा प्रयत्न करतात. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. कोकणातल्या घरी भर पावसात मेंढीकोटचा डाव रंगतो तेव्हा काय होतं ते आठवावं. मेंढी मारण्यासाठी भाऊ भावाला सोडत नाही, आजी नातवाची दश्शी निर्दयपणे उचलते. जो हरलं-जिंकलं तरी काय बिघडतं म्हणत निष्काळजी पत्ता टाकतो, त्याच्यावर सगळे चिडतात, कारण तो डावाची मजा घालवतो. आणि जेवायची हाक आली की पत्ते गोळा होतात. रात्री कोणाला किती कोट लागले याची आठवणही उरत नाही. डाव चालू असेपर्यंत जिंकणं सर्वस्व. डाव मोडला की ते काहीच नाही. हौशी शर्यतीचं सगळं मर्म या दोन वाक्यांत आहे, असं इथे ठामपणे म्हणायचं आहे. दोष स्पर्धेत नाही. डाव संपल्यावर पत्ते खाली ठेवता न येणं, हा दोष आहे.

पत्ते खाली ठेवता न आल्याच्या खुणा उपनगरांत ठळक दिसतात. ऑफिसच्या लिफ्टमध्ये पेसची चर्चा, स्ट्रावा ॲपवर न चढवलेलं धावणं वाया गेल्यासारखं वाटणं, ताप असताना ‘प्लॅन’ मोडू नये म्हणून घेतलेला लाँग रन. फुल मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी आधीच्या शर्यतीतली वेळ दाखवावी लागते; ती मिळावी म्हणून दुसऱ्या कोणाला आपला बिब लावून पळवण्यापर्यंत काहींची मजल जाते. लक्ष्य आपण धरलेलं असतं तोवर ते साधन असतं. एक दिवस लक्ष्यच आपल्याला धरतं.

सण आणि स्पर्धा यांचं काय होतं, हे पाहायला जोगेश्वरी-घाटकोपरवाल्यांना लांब जायला नको. दहीहंडी ही मुळात कृष्णाच्या बाललीलेची आठवण. लीला म्हणजे ज्यातून काही मिळवायचं नाही असं खेळणं. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीची उत्पत्तीसुद्धा अशीच लीला मानली. ती आठवण गल्लीतल्या चार-पाच थरांची होती तोवर सण होता. मग बक्षिसं लाखांत गेली, थर वाढत गेले, २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात १३.३४ मीटर उंचीचा मनोरा रचून जागतिक विक्रम केला. त्या पोरांच्या हिमतीला आणि महिनोन् महिन्यांच्या सरावाला सलामच करावा लागेल. पण दर वर्षी हात-पाय आणि कधी मणका मोडून इस्पितळात जाणारेही गोविंदाच होते. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. २०१७ साली ती उठली, चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र बंदी राहिली. २०२२ साली राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. आज दहीहंडीत भक्ती किती, खेळ किती आणि चढाओढ किती, हे प्रत्येक पथकाला स्वतःला विचारावं लागतं. तार किती ताणायची हे न्यायालयाने ठरवावं लागलं, कारण आयोजकांनी कान दिला नव्हता.

गीतेचा दाखला रनिंग ग्रुपवर हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा वेळ हुकल्यानंतर येतो. फळाची आशा नको, हे सांत्वन म्हणून वापरलं जातं. पण ज्याला ते सांगितलं त्या अर्जुनाला नेम धरायचाच होता. नेम न धरता बाण सोड, असं त्याला कोणी सांगितलेलं नाही. धावणाऱ्यांच्या जास्त कामाचा भाग सहाव्या अध्यायात आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. कुठल्याही चांगल्या प्रशिक्षकाच्या वहीत आज हेच लिहिलेलं सापडेल.

प्रत्यक्ष रस्त्यावर ही समता कशी दिसते? तिचं सर्वांत चांगलं रूप पेसर या माणसात दिसतं. हाफ मॅरेथॉनमध्ये ‘२:००’, ‘२:१५’, ‘२:३०’ असे आकडे लिहिलेले झेंडे पाठीला लावून काही धावणारे पळत असतात. त्यांच्यामागे जो जथा जमतो त्याला मुंबईचे धावणारे ‘बस’ म्हणतात. ‘सव्वादोनची बस पकडली होती, पेडर रोडला सुटली,’ अशी वाक्यं शर्यतीनंतर ऐकू येतात. पेसर स्वतः यापेक्षा बराच वेगाने धावू शकतो. त्या दिवशी तो आपला वेग घरी ठेवून येतो. पण त्याचं लक्ष्य ढिलं नसतं. २:१५ चा झेंडा २:१० ला आणला तर मागच्यांची दमछाक झाली, २:१७ ला आणला तर विश्वास गेला. मिनिटभराच्या आत पोहोचायचं, वाटेत पाणी कुठे प्यायचं ते ओरडून सांगायचं, गळणाऱ्याला नावाने हाक मारायची. नाव बिबवर छापलेलं असतं. कडक उद्दिष्ट आहे, पुरेपूर आनंद आहे, आणि ‘मी’ कुठेच मध्ये येत नाही. ज्याने आयुष्यात एकदा पेसरचं काम केलं, त्याचं स्वतःच्या घड्याळाशी असलेलं नातं बदलतं, असं धावणारे सांगतात. विश्वास ठेवावा असं हे सांगणं आहे.

वारकऱ्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. माउलींची पालखी वेळापूरजवळ आली, की धावाबावीच्या माळावर ‘धावा’ होतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या आठवणीने हजारो वारकरी उतारावरून पळत सुटतात. दोन आठवड्यांच्या चालीने पाय सुजलेले असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन असतं, खांद्यावर पताका असते. ते अर्धवट पळत नाहीत, सर्वस्वाने पळतात. रिंगणातही अश्व धावतात, पताकावाले धावतात, बायका धावतात, आणि धावून झालं की अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पहिला कोण आला, हे विचारायची गरज त्या माळावर कोणालाही भासत नाही. पण शर्यतीला वारी म्हणून टाकणं ही पळवाट ठरेल. वारीत विठ्ठल आहे. शर्यतीत त्या जागी घड्याळ आहे, आणि घड्याळाला देव न करता त्याच्याकडे धावायचं, ही धावणाऱ्याची वेगळी आणि अवघड जबाबदारी आहे.

या सगळ्या विवेचनाला एक मर्यादा आहे, आणि ती लता भगवान करे यांच्यापुढे नम्रपणे मान्य करावी लागते. बारामती तालुक्यातल्या या साठी ओलांडलेल्या बाईंनी नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करायला बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. त्या दिवशी त्यांच्यासाठी जिंकणं हा डाव नव्हता. पत्ते खाली ठेवायची मुभाच नव्हती. माण तालुक्यातल्या मोही गावातून आलेल्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक काढला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. दुष्काळी गावातल्या मुलीला बक्षिसाची रक्कम हा छंद नसतो. मजा की ध्येय, हा प्रश्न पडणं हीच एक चैन आहे. ती ज्यांना लाभली त्यांनी स्वतःला उगाच छळून ती वाया घालवू नये.

सामूहिक पातळीवर तार लावायचा एक मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये चालू आहे. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली त्याच २००४ साली, २ ऑक्टोबरला, लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले. तिथून पार्करन नावाची चळवळ वाढली. दर शनिवारी, फुकट, कोणालाही खुली. तिचे लोक सांगतात, की ही शर्यत नव्हे. पण तिचं पहिलं नाव ‘टाइम ट्रायल’ होतं, आणि आजही प्रत्येकाची वेळ नोंदली जाते. २०२४ च्या सुरुवातीला पार्करनने सर्वांत वेगवान वेळा आणि मार्गांवरचे विक्रम यांच्या याद्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या. नव्याने येणारी माणसं त्या पाहून बिचकतात, असं कारण दिलं. हजारो लोक चिडले. मोजमापातच आमची मजा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. पण पार्करनची जी प्रथा खरोखर घेण्यासारखी आहे ती वेगळीच. तिथे एक स्वयंसेवक सगळ्यांच्या शेवटी चालतो आणि ठरवून शेवटून पहिला येतो. त्यामुळे धावायला आलेला कोणीही कधीच शेवटचा नसतो.

सोणाच्या गोष्टीचं उरलेलं टोक इथे जुळतं. त्याचे पाय पाहून बुद्धांनी त्याला एका तळव्याच्या वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, की मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणांना चिकटलो असं लोक म्हणतील. संघातल्या सगळ्यांना परवानगी मिळाली तर मीही घालीन. तेव्हा ती सगळ्या भिक्षूंना मिळाली. एका माणसाच्या फुटलेल्या पायांमुळे सबंध संघाचा नियम बदलला.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या रनिंग ग्रुपांना एवढं करायला प्रायोजक लागत नाही आणि महापालिकेची परवानगीही लागत नाही. येत्या रविवारी कान्हेरीहून उतरल्यावर फाटकाबाहेर चहा सांगण्याआधी थांबा. तुमच्यातला सर्वांत हळू धावणारा अजून चढावर असेल. दोघांनी परत वर जा आणि त्याच्याबरोबर खाली या. घड्याळ बंद करूनच जा.